एसएलआर वापरणाऱ्यांनी खिशातला कॅमेरा कसा निवडावा

एसएलआर म्हणजे आत आरसा असलेला, लेन्स बदलता येणारा कॅमेरा. कॅननच्या ईएफ माउंटमध्ये लेन्स बसते त्या कड्यापासून सेन्सरपर्यंतचं (प्रकाश टिपणाऱ्या चिपपर्यंतचं) अंतर ४४ मिमी असतं, निकॉनच्या एफ माउंटमध्ये ४६.५ मिमी. आरसा वर उचलायचा तर तेवढी जागा लागतेच. सोनीचा आरएक्स१०० मार्क ७ हा अख्खा कॅमेरा, मिटलेली झूम लेन्स आणि मागचा स्क्रीन धरून, ४२.८ मिमी जाड आहे. म्हणून एसएलआरवर पातळ लेन्स लावून खिशाचा प्रश्न कधीच सुटत नाही. कॅननची ४० मिमी एफ/२.८ पॅनकेक लेन्स अवघी २२.८ मिमी लांब आणि १३० ग्रॅमची आहे, सुंदरही आहे, पण ती ज्या बॉडीवर बसते ती बॉडी पिशवीतच जाते.

खिशात मावणारा कॅमेरा म्हणजे वेगळंच हत्यार, आणि ते निवडण्याचा क्रमही वेगळा. एसएलआर घेताना आपण लेन्स, ऑटोफोकस, सेकंदाला किती फ्रेम हे आधी बघतो. इथे आधी खिसा, मग आपल्याला खरोखर लागणारी फोकल लेन्थ (लेन्स किती रुंद किंवा किती जवळचं दृश्य पकडते तो मिमीतला आकडा), मग सेन्सर आणि ॲपर्चर (लेन्समधलं प्रकाश आत सोडणारं छिद्र; एफ आकडा लहान तेवढं ते मोठं) यांचा एकत्र हिशेब, आणि शेवटी बटणं. हा क्रम उलटा केला की कागदावर उत्तम असलेला कॅमेरा घरी येतो आणि कपाटात राहतो.

खिसा मोजा

पुठ्ठ्याचे तीन डबे करा. पहिला ११०×६२×३५ मिमी, दुसरा १०५×६१×४३ मिमी, तिसरा १२८×७५×५५ मिमी. पहिल्यात तांदूळ भरून वजन २६० ग्रॅम करा, दुसऱ्याचं ३०० ग्रॅम, तिसऱ्याचं ५२० ग्रॅम. नुसत्या तांदळाने एवढं वजन भरणार नाही, तिन्हींत थोडी नाणी टाका. पहिला डबा म्हणजे रिकोचा जीआर ३. दुसरा म्हणजे सोनी आरएक्स१०० किंवा कॅनन जी७एक्स या घराण्यातले एक इंची सेन्सरवाले. तिसरा म्हणजे फुजीफिल्मचा एक्स१००व्हीआय. प्रत्येक डबा एकेक दिवस रोजच्या पँटच्या खिशात ठेवून फिरा. खुर्चीत बसा, दुचाकी चालवा, जिने चढा, गर्दीच्या लोकलमध्ये शिरा.

साधारण असं कळतं: ३५ मिमीपर्यंतची जाडी पँटच्या खिशात विसरायला होते. ४१ ते ४३ मिमी सैल पँटमध्ये किंवा कार्गोच्या खिशात चालते, जीन्समध्ये बसताना टोचते. ५५ मिमी म्हणजे पिशवी. परदेशातले परीक्षणकर्ते ‘कोटाच्या खिशात मावतो’ असं लिहितात तेव्हा त्यांचा कोट वर्षातले आठ महिने अंगावर असतो. मुंबई-पुण्यात कोट किंवा जाकीट नसतं, त्यामुळे ती शिफारस आपल्या कामाची नाही. एक्स१००व्हीआय विलक्षण चांगला कॅमेरा आहे, पण तो खांद्याला लटकवायचा आहे, आणि खांद्यालाच लटकवायचं तर एसएलआर आहेच. पॅनासोनिक एलएक्स१०० मार्क २ चंही तेच: ३९२ ग्रॅम आणि लेन्स धरून सहा सेंटिमीटरहून जास्त जाडी.

आपली फोकल लेन्थ अंदाजाने सांगू नका

‘झूम तर हवाच’ असं जवळजवळ प्रत्येक जण म्हणतो. लाइटरूम क्लासिक या फोटो-सॉफ्टवेअरच्या लायब्ररीत मेटाडेटा फिल्टर उघडा, एका रकान्यात फोकल लेन्थ निवडा आणि गेल्या दोन वर्षांतले फक्त आवडते, तारे दिलेले फोटो त्यातून काढा. डिजीकॅम या सॉफ्टवेअरमध्येही ही छाननी करता येते. आलेले आकडे एपीएस-सी (३५ मिमी फिल्मच्या चौकटीपेक्षा लहान सेन्सरची) बॉडी असेल तर १.५ ने गुणा (कॅनन असेल तर १.६ ने), म्हणजे ते ३५ मिमी फिल्मच्या भाषेत येतील. कॉम्पॅक्ट, म्हणजे या खिशातल्या, कॅमेऱ्यांवर झूमचे आकडे बहुधा याच भाषेत सांगतात. लेन्सवर मात्र खरी फोकल लेन्थ छापलेली असू शकते, जीआर ३ वर १८.३ मिमी असते. तिथे गोंधळू नका.

किट लेन्स (कॅमेऱ्याबरोबरच मिळणारी १८-५५ मिमी झूम) वापरणाऱ्यांना एक सावधगिरी. आकड्यांचे ढीग १८ आणि ५५ या दोन टोकांना साचलेले दिसले, तर ती तुमची नजर असेलच असं नाही, झूम तिथे अडते म्हणूनही ढीग साचतात. एक रविवार फक्त १८ वर आणि दुसरा फक्त ३५ वर फोटो काढून बघा.

बहुतेक चांगले फोटो २४ ते ५० मिमीच्या आसपास असतील तर स्थिर लेन्सचा कॅमेरा घ्यायला घाबरू नका. जीआर ३ हा २८ मिमीचा आहे, जीआर ३एक्स ४० मिमीचा. माणसांचे, जेवणाच्या ताटाचे, घरातले फोटो जास्त असतील तर ४० मिमी. गल्ल्या, वाडे, किल्ल्यांचे बुरूज, गर्दी असेल तर २८. फोटो ७० ते १०० मिमीवर जास्त असतील तर जी७एक्स. १५० च्या पुढे असतील तर आरएक्स१०० मार्क ६ किंवा ७, ज्यांची झूम २४ ते २०० मिमी आहे. पक्षी हा खिशातल्या कॅमेऱ्याचा विषय नाही. ते काम एसएलआरकडेच राहू द्या.

सेन्सर आणि ॲपर्चर: एकाच हिशेबाचे दोन आकडे

इथे एसएलआरवाले सर्वात जास्त फसतात, कारण एफ/१.८ म्हटलं की त्यांना आपली ५० मिमी प्राइम (झूम नसलेली लेन्स) आठवते.

आधी आकार. ‘एक इंची’ सेन्सर प्रत्यक्षात १३.२×८.८ मिमी असतो. एक इंच हा जुन्या व्हिडिओ कॅमेऱ्यांतल्या काचेच्या नळीचा बाहेरचा व्यास, नाव तिथून चिकटलं. त्याचं क्षेत्रफळ सुमारे ११६ चौ. मिमी. एपीएस-सी सेन्सर सुमारे ३६७ चौ. मिमी, म्हणजे तिपटीहून मोठा. स्वस्त कॉम्पॅक्टमधला १/२.३ इंची सेन्सर ६.१७×४.५५ मिमी, जेमतेम २८ चौ. मिमी.

लहान सेन्सरवरचा एफ आकडा तुमच्या एपीएस-सी एसएलआरच्या भाषेत आणायचा तर एक इंचीसाठी १.८ ने गुणा आणि १/२.३ इंचीसाठी ३.७ ने. या गुणाकारातून दोन गोष्टी कळतात: पार्श्वभूमी किती धूसर होईल आणि कमी उजेडात एकूण प्रकाश किती गोळा होईल. एक्सपोजर (फोटो किती उजळ येतो ते) मात्र बदलत नाही. एफ/२.८, १/१२५, आयएसओ ४०० हे सगळीकडे एफ/२.८, १/१२५, आयएसओ ४००च. फरक नॉइजमध्ये, म्हणजे चित्रातल्या दाणेदारपणात, दिसतो.

आता हिशेब मांडू. आरएक्स१०० मार्क ३ ची लेन्स २४ ते ७० मिमी, एफ/१.८ ते २.८. एपीएस-सीच्या भाषेत ती एफ/३.२ ते एफ/५. तुमच्याकडची १८-५५ किट लेन्स एफ/३.५ ते ५.६ आहे. म्हणजे ७० मिमीपर्यंतच्या कामात हा खिशातला कॅमेरा किट लेन्सच्या बरोबरीला किंवा किंचित पुढे जातो. जी७एक्स मार्क २ आणि ३ मध्ये १०० मिमीलाही एफ/२.८ मिळतं, म्हणजे तिथेही एफ/५. माणसांच्या चेहऱ्यांसाठी एक इंचीतली हीच लेन्स सर्वात कामाची. आरएक्स१०० मार्क ७ ला २०० मिमीवर एफ/४.५ आहे, म्हणजे एफ/८. उन्हात उत्तम, दिवेलागणीनंतर नाही. सर्वात पहिला, २०१२ चा आरएक्स१०० मोठ्या अक्षरात एफ/१.८ सांगतो, पण १०० मिमीला तो एफ/४.९ वर, म्हणजे जवळजवळ एफ/९ वर पोचतो. म्हणून झूमचे दोन टोकांचे आकडे बघून थांबू नका. दुकानात ॲपर्चर प्रायॉरिटीवर ठेवून झूम हळूहळू पुढे न्या आणि ३५, ५० आणि ७० मिमीला स्क्रीनवर कोणता एफ आकडा उरतो तो लिहून घ्या. अनेक लेन्सांचा एफ/१.८ रुंद टोकापासून थोडं पुढे गेलं की संपतो.

जीआर ३ आणि ३एक्सला गुणाकारच नाही. त्यांचा सेन्सर एपीएस-सी, एफ/२.८ म्हणजे एफ/२.८. २५७ ग्रॅमच्या वस्तूत हे मिळतं आणि म्हणूनच झूम सोडायची तयारी असेल तर एसएलआरवाल्याला चित्राच्या दर्जात सर्वात कमी तडजोड करावी लागते ती इथे.

हाच गुणाकार दुसऱ्या टोकालाही लागू पडतो. एसएलआरवर निसर्गचित्राला एफ/११ लावायची सवय असते. एक इंची सेन्सरवर एफ/११ म्हणजे एपीएस-सीवरचा एफ/२० झाला. डिफ्रॅक्शनमुळे (लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो त्यामुळे) चित्र मऊ पडतं. एक इंचीवर एफ/४ ते ५.६ वर थांबा. डेप्थ ऑफ फील्ड (पुढून मागे जेवढं स्पष्ट दिसतं तो पट्टा) तेवढ्यातच भरपूर मिळते.

मोबाइलशी तुलना टाळू नका. आजच्या महागड्या फोनच्या मुख्य कॅमेऱ्याचा सेन्सर एक इंचीच्या जवळ आलेला आहे, काही ॲन्ड्रॉइड फोनमध्ये तो एक इंचीच आहे. तुमचे फोटो २४-२८ मिमीचे, दिवसा काढलेले आणि फोनवरच बघायचे असतील, तर वेगळा कॅमेरा घेऊ नका. कॉम्पॅक्ट फोनला मागे टाकतो तो ५० ते २०० मिमीच्या ऑप्टिकल झूममध्ये, खऱ्या फ्लॅशमध्ये, रॉ फाइलवर (सेन्सरवरून आलेल्या कच्च्या चित्रावर) काम करताना आणि अंगठा-तर्जनीच्या चाकांवर. १/२.३ इंची सेन्सरचा साधा कॉम्पॅक्ट यातल्या बहुतेक गोष्टींत फोनच्याही मागे पडतो. त्याला एक अपवाद आहे, तो पुढे पावसाच्या जागी येईल.

हात आणि डोळा

एसएलआर डोळ्याला टेकतो, म्हणून दोन हात आणि कपाळ असे तीन आधार मिळतात. स्क्रीन बघून फोटो काढताना हात पुढे जातात आणि थरथर वाढते. कोपर बरगड्यांना टेकवा, किंवा गळ्यातला पट्टा ताणून धरा. फरक लगेच दिसतो. व्ह्यूफाइंडर हवाच असेल तर आरएक्स१०० मार्क ३ पासून पुढच्या मॉडेलमध्ये तो वर उघडतो. मार्क ३, ४ आणि ५ मध्ये तो उघडल्यावर आयपीस हाताने मागे ओढावा लागतो, ६ आणि ७ मध्ये एका झटक्यात तयार होतो. जीआर ३ आणि जी७एक्समध्ये व्ह्यूफाइंडर नाही. भर उन्हात स्क्रीन दिसतो का हे दुकानाच्या ट्यूबलाइटखाली कळणार नाही, कॅमेरा दाराबाहेर नेऊन बघा.

दोन चाकं स्वतंत्र आहेत का ते तपासा: मॅन्युअल मोडवर एकाने ॲपर्चर आणि दुसऱ्याने शटर बदलता आलं पाहिजे, मेन्यूत न शिरता. एक्सपोजर कॉम्पेन्सेशन (फोटो थोडा उजळ किंवा गडद करायची सोय) एका हालचालीत हवं. ऑटो आयएसओमध्ये (सेन्सरची संवेदनशीलता कॅमेरा स्वतः ठरवतो तेव्हा) किमान शटर वेग ठरवता येतो का, हे आवर्जून बघा. ती सोय नसली की कॅमेरा घरातल्या उजेडात १/३० वर उतरतो आणि पळणारं मूल प्रत्येक फ्रेममध्ये पुसलं जातं. ज्यांना एसएलआरवर हे गृहीतच धरायची सवय आहे, त्यांना ही उणीव घरी आल्यावर कळते.

वेगाची चाचणी सोपी आहे. फोनवर स्टॉपवॉच चालू करा, कॅमेऱ्याने त्याच्यावर फोकस करा, आणि १०.०० दिसण्याच्या क्षणाला बटण दाबा. एकदा आधी अर्धं दाबून, एकदा एकदम पूर्ण दाबून. दहा-दहा फोटो काढा आणि फोटोत उमटलेले आकडे बघा. दोन्हींतला फरक म्हणजे त्या कॅमेऱ्याचा फोकसला लागणारा वेळ. तोच प्रयोग दुकानाच्या अंधाऱ्या कोपऱ्यात करा. खरा फरक तिथे दिसतो.

जीआरमध्ये हा वेळच टाळता येतो. त्यातल्या स्नॅप फोकसला २ मीटर अंतर आणि एफ/५.६ लावा. २८ मिमीच्या जीआर ३ वर साधारण १.२ मीटरपासून ६ मीटरपर्यंत सगळं स्पष्ट येतं. एफ/८ ला सुमारे १ मीटरपासून जवळजवळ अनंतापर्यंत. बटण एकदम पूर्ण दाबायचं, फोकस शोधायला कॅमेरा थांबतच नाही. बाजारात, जत्रेत, चालत्या दिंडीत एसएलआरपेक्षाही हे जलद पडतं.

फ्लॅश: इथे कॉम्पॅक्ट एसएलआरला हरवतो

यातल्या बहुतेक कॅमेऱ्यांचं शटर लेन्समध्येच असतं, पाकळ्यांचं. त्यामुळे फ्लॅशला एसएलआरवरची १/२०० किंवा १/२५० या शटर वेगाची मर्यादा नाही. भर दुपारी १/१००० ला फ्लॅश टाकून टोपीखालचा चेहरा उजळता येतो. हेच एसएलआरवर करायला हायस्पीड सिंक (त्या मर्यादेपलीकडेही चालायची सोय) असलेला वेगळा फ्लॅश लागतो आणि त्यात त्याची बरीच ताकद जाते. कॉम्पॅक्टचा फ्लॅश दुबळा असतो हे खरं. माणूस दीड मीटरच्या आत ठेवा. इलेक्ट्रॉनिक शटर चालू असेल तर फ्लॅश उडत नाही, आधी मेकॅनिकल शटरवर या. आरएक्स१०० चा उघडणारा फ्लॅश बोटाने मागे दाबून छताकडे वळवता येतो. छत पांढरं आणि खाली असेल तर घरातले चेहरे एकदम सुधारतात.

जीआर ३ ला फ्लॅश नाही, हॉट शू (बाहेरचा फ्लॅश बसवायची खाच) आहे. आरएक्स१०० मार्क ३ ते ७ ला फ्लॅश आहे, हॉट शू नाही. तुमच्याकडे ट्रिगर आणि स्पीडलाइट असतील तर हा फरक निर्णायक ठरू शकतो.

पाकळ्यांच्या शटरला एक अडचण आहे: पूर्ण उघड्या ॲपर्चरला ते सर्वात वेगाने चालत नाही. जीआर ३ एफ/२.८ ला १/२५०० पर्यंतच जातो, १/४००० साठी एफ/५.६ लागतं. उन्हात उघडं ॲपर्चर वापरायचं तर आतला एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी गडद काच, दर स्टॉपला उजेड निम्मा) हवा. जीआर ३ मध्ये तो दोन स्टॉपचा आहे, आरएक्स१०० मार्क ३ ते ५ मध्ये तीन स्टॉपचा. ६ आणि ७ मध्ये नाही.

धूळ आणि पाऊस

एसएलआरच्या सेन्सरवर धूळ बसली तर आपण लेन्स काढतो आणि ब्लोअर मारतो. कॉम्पॅक्टमध्ये लेन्स निघत नाही. बाहेर येणारी-आत जाणारी लेन्स भात्यासारखी हवा ओढते आणि हवेबरोबर धूळ आत जाते. मग कॅमेरा खोलल्याशिवाय ती निघत नाही. जीआर घराण्याची ही जुनी आणि खरी तक्रार आहे. खिशाच्या तळाशी साचणारा कापसाचा भुगा हेच तिचं मोठं कारण. खिसा आठवड्यातून एकदा उलटा करून झटका, आणि कॅमेरा पातळ कापडी पाउचमध्ये ठेवा. किनाऱ्यावर वाळूच्या हाताने कॅमेरा चालू करू नका. नळीच्या फटीत एक कण अडकला की लेन्स अर्ध्यावर थांबते आणि कॅमेरा लेन्स एरर दाखवून बंद पडतो. खिशात चुकून बटण दाबलं जाऊन लेन्स कापडावर रेटली गेली तरी तेच होतं.

जीआर, आरएक्स१००, जी७एक्स यांपैकी एकालाही पावसापासून संरक्षण नाही. आषाढातली वारी किंवा सह्याद्रीतले पावसाळी ट्रेक हेच तुमचं मुख्य काम असेल, तर ऑलिम्पसचा टफ टीजी-६ किंवा ओएम सिस्टिमचा टीजी-७ बघा. मघाशी म्हटलेला अपवाद तो हाच. सेन्सर १/२.३ इंचीच आहे, २५-१०० मिमी एफ/२-४.९ ची लेन्स वरच्या हिशेबाने एफ/७.४ ते एफ/१८ पडते. पण तो १५ मीटर पाण्याखाली चालतो, रॉ काढतो, आणि त्याची लेन्स बाहेर येतच नाही. पावसाळ्यात घरी कोणताही कॅमेरा हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा. न निघणाऱ्या लेन्सला बुरशी लागली तर दुरुस्ती कॅमेऱ्याच्या किमतीच्या जवळ जाऊ शकते.

दुकानात आणि सेकंडहँड घेताना

यातली बरीच मॉडेल आता नवी मिळत नाहीत, म्हणून वापरलेला कॅमेरा घ्यायची वेळ येतेच. अर्धा तास मागून घ्या आणि स्वतःचं कार्ड न्या. जीआर ३ ला नेहमीचं एसडी कार्ड चालतं, जीआर ४ ला मायक्रोएसडी लागतं.

वर्तमानपत्राचं पान भिंतीवर सपाट चिकटवा, कॅमेरा समांतर धरा, ॲपर्चर पूर्ण उघडं ठेवून रुंद टोकाला, मध्यावर आणि लांब टोकाला एकेक फोटो काढा. चारही कोपऱ्यांतली अक्षरं सारखी मऊ असतील तर चालेल. एकच कोपरा किंवा एकच बाजू पुसट असेल तर लेन्सची काच तिरकी बसलेली आहे. मिटणाऱ्या झूममध्ये हे वारंवार आढळतं आणि इथे लेन्स बदलता येत नाही, त्यामुळे तो नग सोडा, दुसरा मागा. नवा कॅमेरा घेतानाही ही चाचणी करा.

मग सर्वात लहान ॲपर्चर लावा, झूम लांब टोकाला न्या, फोकस बिघडवून पांढऱ्या भिंतीचा फोटो घ्या आणि फोनवर कॉन्ट्रास्ट वाढवून बघा. करडे गोल ठिपके म्हणजे सेन्सरवरची धूळ. लेन्समध्ये टॉर्च तिरपा मारला की बुरशीचे कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसतात. कॅमेरा दहा वेळा चालू-बंद करा, लेन्स तिरकी होते का, करकरते का, पुढच्या पाकळ्या पूर्ण मिटतात का बघा. चाकं फिरवताना आकडा उलट्या दिशेने उडी मारत असेल तर चाक झिजलेलं आहे.

नव्या डब्यावर भारतातल्या आयातदाराचं नाव-पत्ता आणि एमआरपीचं लेबल असतं. ते नसेल तर माल ग्रे मार्केटचा समजा आणि इथल्या वॉरंटीचा भरवसा धरू नका.

रॉ आणि बॅटरी

घेण्याआधी तुमचं सॉफ्टवेअर त्या कॅमेऱ्याची रॉ फाइल उघडतं का पाहा. लाइटरूम ६ ला २०१७ नंतर नवी मॉडेल जोडली गेलेली नाहीत. अशा वेळी रॉ फाइल डीएनजी या ॲडोबीच्या रॉ प्रकारात बदलणारा ॲडोबीचा मोफत डीएनजी कन्व्हर्टर वापरावा लागतो. रिकोचा जीआर थेट डीएनजीच लिहितो, त्यामुळे तिथे ही कटकट बरीच कमी होते.

निकॉन डी७५०० एका चार्जवर प्रमाणित चाचणीत ९५० फोटो काढतो, जीआर ३ साधारण २००, आरएक्स१०० मार्क ७ सुमारे २६०. एक जादा बॅटरी कॅमेऱ्याबरोबरच घ्या, सहलीला दोन. ती दुसऱ्या खिशात ठेवा आणि नाणी-किल्ल्यांपासून लांब, प्लॅस्टिकच्या डबीत ठेवा. उघड्या टोकांना किल्ली लागली तर बॅटरी शॉर्ट होऊन तापते.